लॅपटॉपची वाटणी

७ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी लॅपटॉप उघडला तर टचपॅड दाबला जाईना. बोट फिरवलं की बाण हलत होता, क्लिक मात्र होत नव्हतं. कचरा अडकला असेल म्हणून लॅपटॉप उचलून झटकला आणि परत टेबलावर ठेवला, तर तो डुगडुगायला लागला. आठ वर्षं निमूट सपाट बसलेला लॅपटॉप. उलटा करून बघितला तेव्हा तळ मधोमध फुगलेला दिसला.

बॅटरी फुगली होती. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि बॅटरीचं पाकीट फुगतं. बऱ्याच लॅपटॉपांत हे पाकीट टचपॅडच्या अगदी खाली असतं, म्हणून पहिली तक्रार तोच करतो. असं काही दिसलं तर दाबून बसवायच्या फंदात पडू नका. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि माहीतगाराकडे न्या. मी मात्र ‘अनुवादाचं एवढं प्रकरण हातावेगळं करू’ म्हणत आणखी अर्धा तास काम करत बसले. शुद्ध मूर्खपणा.

पूर्वसूचना नव्हती असंही नाही. मार्चमध्ये मी ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा देऊन विंडोजकडून बॅटरीचा अहवाल काढला होता. मूळ क्षमता ४१ हजार मिलिवॅट-तास, आता पूर्ण चार्ज केल्यावर उरणारी १७ हजारांच्या आसपास. अहवाल वाचला, ‘हं’ म्हटलं आणि विसरून गेले.

सोमवारी बॅटरी काढून घेतली. त्या मॉडेलची मूळ बॅटरी आता बनत नाही, दुसरी चालणारी मिळेल पण खात्री देता येत नाही, असं दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं. फुगलेली बॅटरी त्यांनीच संकलनासाठी ठेवून घेतली. लॅपटॉप आता चार्जरवर चालत होता, म्हणजे वायर निघाली की ठार. गुरुवारी माझाच पाय वायरीत अडकला आणि अनुवादाची तीन पानं गेली.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. बॅटरी नसलेला लॅपटॉप म्हणजे छोट्या पडद्याचा आणि अवघडून बसायला लावणारा डेस्कटॉपच की. मग मी तो हलवत तरी किती होते? माझं काम अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं. कॅलेंडर आणि मेल चाळून गेल्या दोन महिन्यांचा हिशेब मांडला. लॅपटॉप घेऊन मी सात वेळा घराबाहेर पडले होते. त्या सातही वेळा वाचन, मेल आणि प्रुफांवर खुणा यापलीकडे काही केलं नव्हतं. लांबलचक टंकलेखन झालं होतं ते सगळं एकाच टेबलावर. मग ठरवलं, लॅपटॉपच्या जागी दोन यंत्रं घ्यायची: हिंडायला टॅब आणि टेबलावर डेस्कटॉप.

नवा लॅपटॉप घेणं सोपं होतं, हे कबूल करते. खर्चातही फार फरक पडला नसता. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेटं, संपत होता. माझा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा आणि विंडोज ११ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे हा लॅपटॉप त्यात बसतच नव्हता. नावनोंदणी केली की घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतात, ती नोंदणी मी करून टाकली. घाईत खरेदी होऊ नये एवढाच हेतू. तुमचं यंत्र बाकी धडधाकट असेल तर तुम्हीही आधी तेवढं करा आणि मग शांतपणे विचार करा. लिनक्स टाकूनही चाललं असतं, पण माझी दोन सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर चालतात.

मग एका संध्याकाळी कागद घेतला आणि लॅपटॉपवर मी करते त्या सगळ्या कामांची वाटणी केली. चार रकाने पाडले: टॅब, डेस्कटॉप, दोघांकडे, कुणाकडेच नाही. हा कागद या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी वस्तू ठरली. प्रुफं टॅबकडे, टंकलेखन डेस्कटॉपकडे, मेल दोघांकडे, इथपर्यंत सोपं होतं. अडलं ते पुढे. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन? डेस्कटॉप. व्हिडिओ बैठका? टॅब, कारण त्याला कॅमेरा-माइक आहे. जुन्या डीव्हीडी? लॅपटॉपला ड्राइव्ह होता, नव्या दोघांपैकी कुणालाच नसणार. त्या आधीच उतरवून घ्यायला हव्यात, हे कागदामुळे वेळेवर सुचलं.

पहिल्यांदा टॅब घेतला. माहितीपत्रकात ठळक छापलेल्या गोष्टींपेक्षा बारीक अक्षरातल्या कामाच्या असतात. सुरक्षा-अपडेट किती वर्षं मिळणार? साठवण पुढे वाढवता येते का? यूएसबी-सी छिद्र दिसायला सारखंच असतं, पण काही टॅबांत त्याच्या मागे यूएसबी २.० असतं, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटांची मर्यादा. आणि त्या छिद्रातून बाहेरच्या मॉनिटरला चित्र जातंच असंही नाही. मला मॉनिटर जोडायचा नव्हता, म्हणून ते सोडून दिलं आणि साठवणीला जास्त पैसे घातले.

पेनाने मात्र फसवलं. टॅबच्याच कंपनीचं पेन मागवलं, चार दिवसांनी आलं, आणि या मॉडेलला चालत नाही असं निघालं. एकाच कंपनीची दोन पिढ्यांची पेनं एकमेकांच्या टॅबवर चालतीलच असं नसतं. परतीचा अर्ज भरला. कारणांच्या यादीत ‘चूक माझीच’ असा पर्याय नव्हता, म्हणून ‘सुसंगत नाही’वर टिचकी मारली. योग्य पेन हातात यायला एकूण तेरा दिवस गेले. पेन मागवताना टॅबचं नाव बघू नका, पाठीमागचा मॉडेल क्रमांक बघा.

पेन आलं आणि पहिल्याच रात्री चाळीस पानांची प्रुफं पलंगावर आडवं पडून तपासली. मांडीला चटका नाही, पंख्याची घरघर नाही. समासात काढायच्या खुणा माझ्या हाताला पंचवीस वर्षांच्या सवयीच्या. त्या पुन्हा हातानेच काढताना वाटलं, मधली काही वर्षं उंदराने चौकोन ओढण्यात उगाच घालवली.

मराठीचं मात्र टॅबवर वेगळंच त्रांगडं. पडद्यावरचा कळफलक नीट मराठी उमटवत होता, पण बाहेरचा कळफलक जोडला की इंग्रजीच. टॅबमध्ये दोन्हींची मांडणी वेगवेगळी निवडावी लागते, हे कळायला एक दुपार गेली. आणि त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला तो पापणीसारखा र. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खास नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला हुबेहूब, पण शोधायला गेलं तर एकाने दुसरा सापडत नाही. माझ्या जुन्या फाइलींत एक तऱ्हा, नव्या कळफलकात दुसरी. एका पुस्तकात ‘तिसऱ्या’ हा शब्दच नाही असं टॅबने मला छातीठोकपणे सांगितलं.

आता डेस्कटॉप. ४ ऑक्टोबरला, शनिवारी भाचा मदतीला आला. सुटे भाग त्याच्याशी बोलून मी आधीच मागवले होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, अनुवादाला ते लागत नाही. मग प्रोसेसरमध्येच चित्राची सोय हवी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर ती सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि मी तोच घेणार होते, भाच्याने अडवलं. साठवण एक टेराबाइटची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी डिस्क, मेमरी डीडीआर५ या पिढीच्या दोन पट्ट्या. मॉनिटरला हात सैल सोडला. २७ इंची, १४४० ओळींचा, म्हणजे इंचाला सुमारे १०९ ठिपके. २४ इंचीत १०८० ओळी असल्या तर ९२च्या आसपास पडतात. इंग्रजी वाचायला तेही पुरतात. पण अनुस्वार आहे की धुळीचा कण, आणि ‘ष’ आहे की ‘प’, हे दिवसभर ओळखायचं असेल तर वरचे सतरा ठिपके फार मोलाचे.

जोडणीत एकदाच जीव घाबरला. प्रोसेसर खाचेत ठेवून कडी खाली दाबताना करकर आवाज आला.

“अरे, मोडलं काहीतरी!”

“काही मोडलं नाही मावशी, तो आवाज येतोच. दाब तू.”

दाबलं. मेमरीच्या पट्ट्यांनाही असाच जोर लागतो, दोन्ही टोकं खट् करून बसेपर्यंत. चार खाचांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवायच्या, आमच्या मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटाच्या, पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं होतं. एवढं सगळं काळजीपूर्वक केलं आणि मागच्या छिद्रांची पत्र्याची चौकट बसवायला विसरलो. ती मदरबोर्डच्या आधी बसवावी लागते. सगळे स्क्रू काढून पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, मॉनिटर काळा. बंद केलं, वायरी तपासल्या, परत चालू. काळा. तिसऱ्यांदाही काळा. भाच्याचा चेहरा उतरला, माझा तर उतरून केव्हाच झाला होता. मग त्याला आठवलं: डीडीआर५ मेमरी पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड तिची चाचपणी करून वेळा जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. आम्ही दर वेळी मिनिटभरातच बंद करत होतो. चौथ्यांदा चालू करून दोघंही उठून दुसऱ्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावर अक्षरं होती.

आनंद दहा मिनिटं टिकला. विंडोज बसवताना इंटरनेट हवं म्हणून अडून बसलं, आणि डेस्कटॉपला वायफायच नव्हतं. लॅपटॉपात वायफाय, ब्लूटूथ, कॅमेरा, माइक, स्पीकर हे सगळं न मागता मिळालेलं असतं. मदरबोर्डच्या नावात वायफाय लिहिलेलं नसेल तर बहुधा ते नसतं. सुटका फोनने केली: फोन यूएसबी केबलने जोडला, टिथरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) सुरू केलं आणि विंडोजला ते चाललं. दुसऱ्या दिवशी नखाएवढं वायफायचं खुंट मागवलं.

विंडोजचा परवानाही नव्याने घ्यावा लागला. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो, तो काढून दुसरीकडे नेता येत नाही. मी होम आवृत्ती घेतली. टॅबवरून डेस्कटॉपात शिरायचं तर विंडोजची स्वतःची रिमोट डेस्कटॉप सोय प्रो आवृत्तीत असते, होममध्ये नाही, हे नंतर कळलं. दुसऱ्या एका मोफत ॲपने काम भागतंय. आणखी एक: मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप, आपोआप सुरू झालेलं सापडलं. चांगलंच आहे, पण त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती त्याच संगणकात ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं.

१३ तारखेला रात्री वीज गेली. मी वाक्याच्या मध्यावर होते. खोलीतल्या दिव्याबरोबर डेस्कटॉपही गेला, आणि आठ वर्षं माझ्या लॅपटॉपच्या पोटात एक यूपीएस होता हे तेव्हा उमगलं. यूपीएसवर मोठ्या अक्षरात व्हीए लिहिलेले असतात, आपल्याला बघायचे असतात वॅट. मी मागवलेल्या यूपीएसवर ६०० व्हीए आणि खाली बारीक ३६० वॅट. संगणक आणि मॉनिटर मिळून माझ्या कामात १००च्या आतच राहतात, तेव्हा फाइल जतन करून सावकाश बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. आल्याबरोबर तो रात्रभर चार्जिंगला ठेवला आणि मगच भरवसा टाकला. लेझर प्रिंटर मात्र त्याच्या बॅटरीवरच्या छिद्रात लावू नका, तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो.

खरेदी आणि जोडणी इथे संपली. पाच आठवडे. पण खरा वेळ खाल्ला तो जुना लॅपटॉप रिकामा करण्याने.

फाइली २१२ जीबी, संख्येने लाखाच्या वर. बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतल्या, तर एक मोठा व्हिडिओ ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून अडला. जागा भरपूर होती. डिस्क एफएटी३२ पद्धतीची होती आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीची करून पुन्हा सुरुवात. मोठ्या फाइली भरभर गेल्या, पण हजारो बारक्या फाइलींनी रात्र घेतली. सकाळी दोन्हीकडची संख्या जुळवली तर ३१ कमी. त्यांतल्या काहींचा पत्ताच २६० अक्षरांहून लांब. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि प्रत्येकाला सबंध वाक्याचं नाव, ही माझीच करणी. उरलेल्या क्लाउडवरच्या: लॅपटॉपवर फक्त नाव दिसत होतं, आत मजकूर नव्हता. क्लाउडचं फोल्डर उतरवण्याआधी ‘सगळं या यंत्रावर ठेवा’ हा पर्याय निवडून डाउनलोड पूर्ण होऊ द्या.

तरीही जे ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतं ते राहूनच जातं. जुन्या मेलचा साठा एका लपलेल्या फोल्डरात होता. आणि शब्दकोश! वर्डमध्ये लाल रेघ आली की मी उजवी टिचकी मारून ‘कोशात घाला’ म्हणते. आठ वर्षांत जमलेले हजारो शब्द ‘कस्टम’ नावाच्या एका फाइलीत, ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात खोल पडले होते. नव्या संगणकावर पहिलं पान उघडलं आणि सगळीकडे लालच लाल, तेव्हा आठवण झाली. फाइल आणून बसवली, रेघा गेल्या. परक्या घरात आपली गोधडी मिळावी तसं वाटलं.

युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेल्या फाइली टॅबवर उघडल्या तर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता सडा. त्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. डेस्कटॉपवर रूपांतर करून घेतलं, पण डोळ्यांखालून घालावं लागलंच. ऱ्हस्व वेलांटी त्या पद्धतीत अक्षराच्या आधी टंकायची आणि युनिकोडमध्ये नंतर, म्हणून रूपांतरात ती हमखास शेजारच्या अक्षराला चिकटते. रफारही तसाच भटका. दोनशे फाइलींपैकी साठ केल्या, बाकीच्या लागतील तेव्हा.

एका सॉफ्टवेअरचा परवाना दोन यंत्रांपुरता होता आणि दोन्ही जागा जुन्याच लॅपटॉपने अडवल्या होत्या, कारण २०२० मध्ये त्यात एसएसडी बसवली तेव्हा जुनी नोंद मी रद्दच केली नव्हती. मेल लिहिली. सहा दिवसांनी उत्तर आलं, त्यात खरेदीची पावती मागितली होती. पावती लॅपटॉपवरच्या मेलच्या साठ्यात! लॅपटॉप पुसून टाकला असता तर बसले असते हात चोळत. जुनं यंत्र पुसण्याआधी सगळ्या परवान्यांच्या नोंदी तिथून रद्द करा, आणि पुसायची घाई करू नका.

मी घाई केली नाही हे एक बरं केलं. ठरवलं होतं, महिनाभर लॅपटॉप कोपऱ्यात जसाच्या तसा ठेवायचा आणि दर वेळी उघडताना कशासाठी ते वर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात नऊ नोंदी झाल्या, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एक: ‘फोन नंबर, बाइंडिंगवाले’.

दोन यंत्रांचा एक ताप नवा आला. एकच प्रकरण टॅबवर उघडं राहिलं, डेस्कटॉपवर मी त्यातच लिहीत गेले, आणि संध्याकाळी क्लाउडवर त्याच नावाच्या दोन फाइली, दोन्हीत वेगवेगळी भर. जुळवायला दीड तास गेला. तेव्हापासून नियम केला: मूळ मजकुराला हात फक्त डेस्कटॉपवर. टॅबवर पीडीएफ आणि खुणा, बस्स. प्रवासात एखादं वाक्य सुचलं तर ते वेगळ्या टिपणात.

खर्चाचं म्हणाल तर एकूण शंभर धरले तर डेस्कटॉपचा डबा आणि परवाना ४०, टॅब, पेन आणि त्याचा कळफलक ३०, मॉनिटर १७ आणि उरलेले १३ ज्यांचा मी हिशेबच धरला नव्हता त्या यूपीएस, वायफायचं खुंट, स्पीकर, केबली यांचे. ते तेरा आधीच बाजूला ठेवा.

नोव्हेंबरच्या मध्यावर लॅपटॉपातली एसएसडी काढली, यूएसबी डबीत घातली, पूर्ण पुसली आणि एन्क्रिप्शन लावून बॅकअपसाठी ठेवली. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते, वेगळा चार्जर लागत नाही. उरलेला सांगाडा ई-कचरा संकलनाला घेऊन गेले. तिथे एक फॉर्म होता: वस्तू, अनुक्रमांक, स्थिती. स्थितीत दोनच चौकोन, चालू आणि बंद. मी ‘चालू’वर खूण केली. काउंटरवरच्या बाईंनी चार्जर लावून बटण दाबलं. पंखा ओळखीची घरघर करत फिरला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली, की बूट करायला काही सापडत नाही.

“हा बंद धरायचा का हो?” त्यांनी विचारलं.

“चालू आहे,” मी म्हटलं. “आतलं काढून घेतलंय.”

त्यांनी माझी खूण तशीच राहू दिली, शेजारी ‘बॅटरी नाही, डिस्क नाही’ असं लिहिलं आणि पावती फाडून दिली.